सहावा भाग

कोल्हापूरच्या गाडीनं पार्सल आलं.
कंडक्टरनं वीस मागितले, मी तीस दिले.
नऊ वर्षं थांबलेल्या बाईला
दहा रुपयांचं काय.

नऊ वर्षांत
वडगावातले निम्मे माग भंगारात गेले,
पोरगी बारावी होऊन हुबळीला नर्सिंगला गेली,
आणि हा लेखक
झुंबाला वेशीच्या दारात तशीच उभी करून
गप्प बसला होता.
केसांत अठरा किल्ल्या,
हातात विझत आलेला पलिता.
पाय किती दुखले असतील तिचे.

आधी वास घेतला. मग नकाशा उघडला.
नदी दोन बोटं सरकलीय!
पाचव्या भागात तांबडवेस अलीकडच्या काठाला होती,
आता पलीकडे.
ते मी सोडून दिलं.
नकाशे सरकतात, आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.
पण कांत्रूचा कान?
दुसऱ्या भागात डावा तुटला होता,
पान एकशे चार, पेन्सिलीनं रेघ मारलीय मी.
इथं उजवा!
आठवत नव्हतं तर
मला विचारायचं होतं की.

रात्री लाईट गेली.
मोबाइल तांब्याला टेकवून वाचत राहिले,
सात टक्के, पाच टक्के,
राखपाखरं येऊन माणसांची नावं टिपून खात होती
आणि नाव गेलेली माणसं
आपल्याच घराचं दार शोधत फिरत होती.
हे त्यानं काय लिहिलंय! इथं मी त्याला कान माफ केला.
(नंतर परत काढून घेतला.)

तीनशे बाराव्या पानावर झुंबा मेली.
लढाई नाही, काही नाही.
दार आतून लावलं तिनं
आणि एकेक किल्ली गिळली.
एक परिच्छेद. तोही आखूड.
पुढच्या पानावर लगेच राजवाड्यात मेजवानी,
कोणत्या ताटात काय वाढलं ते मात्र दीड पान.
मी पुस्तक मिटलं, तांदळाच्या डब्यावर ठेवलं,
परत उघडलं.
मेलेलीच होती.

सकाळी शेडमध्ये नीलव्वा माझ्या आधी हजर.
तिला माझी मराठी बाजारापुरती कळते,
अक्षरं अजिबात नाहीत.
म्हणून पाचही भाग मी तिला कन्नडमध्ये सांगितलेत,
धोट्याच्या खडखडाटावर आवाज चढवून,
राखपाखराचं बूदि हक्कि करून,
आणि झुंबाची झुंबव्वा तिनंच करून टाकली,
मग शेळीचंही नाव तेच ठेवलं.
शेळी आता गाभण आहे.

"मुंदे?" म्हणाली. पुढं?
दार लावलं तिनं, मी म्हटलं.
"मुंदे?"
सत्तळु. एवढाच शब्द होता,
रात्रभर घोळवून जिभेवर तयार ठेवलेला.
समोर तुटलेला ताणा,
नीलव्वाची दोन बोटं टोकं शोधत होती.
मी म्हटलं, किल्ल्या केसांतच होत्या,
मागच्या खिडकीतून उतरली,
नदीकडं गेली.
नदी कुठल्या काठाला, ते बोलले नाही.

तिनं गाठ मारली,
उरलेला धागा दातानं तोडला.
"तिसऱ्या भागातला म्हातारा नावाडी," ती म्हणाली,
"तोपण असाच खिडकीतून गेला होता, नाही?"
आणि माग चालू केला.
त्या आवाजात
मला उत्तर द्यावं लागलं नाही.

जेवायच्या सुट्टीत
माझ्या डब्यात शेंगाचटणी टाकता टाकता म्हणाली,
सातव्यात त्या दोघांची भेट होऊ दे,
नदीवर कुठंतरी.
हौदु, मी म्हटलं.
सातवा येईल तेव्हा येईल.

झुंबाचं मी लेखकाला काही कळवणार नाही.
कानाचं मात्र पत्र टाकणार आहे.